'फरास' म्हणजे फरशी पुसणारा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पणजोबा एका संस्थानात नोकरीला होते. त्यांच्या नोकरीच्या कागदात नावापुढे 'फरास' असा हुद्दा लिहिलेला सापडला. घरातले एक काका सांगतात, फरास म्हणजे फरशी पुसणारा गडी. दुसरे काका म्हणतात, छे, तो राजाच्या तंबूवरचा माणूस. यात खरं काय, आणि मुळात हा शब्द आला कुठून?

जुने मोडी कागद वाचून द्यायचं काम मी करतो, त्यामुळे हा शब्द माझ्यासमोर पुन्हा पुन्हा येतो. दोन्ही काका आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त दोघं वेगवेगळ्या काळाबद्दल बोलताहेत. फरास हा मुळात पुसणारा नव्हे, तर अंथरणारा. पुसायचं काम त्याच्याकडे शेवटी उरलं, आणि का उरलं हे कळलं की तुमच्या कागदातला फरास कुठल्या टप्प्यावरचा आहे ते ठरवता येतं.

शब्द अरबी आहे आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. अरबीत फ-र-श या तीन व्यंजनांच्या धातूचा अर्थ अंथरणं, पसरणं. 'फर्श' म्हणजे अंथरलेली गोष्ट: चटई, सतरंजी, गालिचा. 'फिराश' म्हणजे बिछाना. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वराने तुमच्यासाठी पृथ्वी अंथरली असं म्हटलंय, तिथे हाच 'फिराश' शब्द आहे. आता अरबीची एक सोय अशी, की धातूच्या मधल्या व्यंजनाचं द्वित्त करून पुढे दीर्घ 'आ' घातला की ते काम धंदा म्हणून करणारा माणूस तयार होतो. ओझं वाहणारा हम्माल, नाणी पारखणारा सर्राफ, सुगंध विकणारा अत्तार, व्यवहार जुळवणारा दल्लाल, फटके मारणारा जल्लाद. तसाच अंथरणारा तो फर्राश. हे सगळे एकाच साच्यातून निघालेले भाऊ मराठीत येऊन स्थायिक झाले, आणि येताना बहुतेकांनी मधलं जोडाक्षर टाकून दिलं: हमाल, सराफ, दलाल, फरास. हजामही याच घरातला. मुळात तो तुंबड्या लावून रक्त काढणारा, मराठीत आल्यावर त्याच्या हाती वस्तराच राहिला. तेव्हा अर्थ घसरण्यात फरास काही एकटा नाही.

शेवटच्या 'श'चा 'स' का झाला, असंही काही जण विचारतात. मराठीच्या जिभेला हे नवं नाही. शर्बतचं सरबत झालं, शैतानचा सैतान झाला, शाबाशचं शाबास झालं. गंमत म्हणजे याच धातूच्या बाबतीत मराठीने दोन्ही ठेवले: 'फरास' आणि 'फरसबंदी'त स, पण 'फरशी'त श. त्यामुळे फरास आणि फरशी यांचं नातं कानाला लगेच कळतं, आणि मग माणूस म्हणतो, फरशीवरून फरास. पहिल्या काकांचा घोटाळा इथेच आहे. फरास फरशीवरून आलेला नाही. दोघंही 'अंथरणे' या एकाच धातूची लेकरं. आधी जमिनीवर अंथरलेला गालिचा 'फर्श' झाला, मग दगड घट्ट बसवून कायमची अंथरलेली जमीनही 'फर्श' झाली, आणि तिच्यावरून आपली शहाबादी फरशी.

आता दुसऱ्या काकांच्या बाजूने. मोगलांच्या काळात फरास किती मोठं काम करत, याचे आकडे अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने आईन-ए-अकबरीत देऊन ठेवलेत. फरासखाना म्हणजे तंबू-गालिच्यांचं खातं, त्यावर त्याने वेगळं प्रकरणच लिहिलंय. 'बारगाह' नावाचा जो सर्वांत मोठा दरबारी तंबू, त्यात दहा हजारांहून जास्त माणसं मावत, आणि तो उभा करायला एक हजार फरास, यंत्रांची मदत घेऊन, आठवडाभर राबत. बादशहाच्या छावणीच्या एका मुक्कामाचं सामान हलवायचं तर १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. सोबत १००० फरास, तेही इराण, तुराण (म्हणजे मध्य आशिया) आणि हिंदुस्थान अशा तिन्हीकडचे. शिवाय ५०० बेलदार, १०० पखालवाले, आणि १५० झाडूवाले.

या यादीत माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आकडा शेवटचा. झाडूवाले वेगळे मोजलेत. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीला झाडणारा आणि फरास हे दोन निराळे हुद्दे होते. झाडणाऱ्याला फारसीत 'खाकरूब' म्हणत, धूळ झाडणारा. अकबराने त्याला 'हलालखोर' हे नाव रूढ केलं असं अबुल फझलच सांगतो: कष्टाची, हक्काची भाकरी खाणारा. हा शब्द पुढे मुंबईपर्यंत आला आणि १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात 'हलालखोर कर' म्हणून छापला गेला. तेव्हा सफाई करणाऱ्या माणसाचा जुना शब्द कोणता, असा प्रश्न असेल तर त्याचं उत्तर खाकरूब, हलालखोर. फरास त्या पंक्तीत फार उशिरा येऊन बसला.

मोगल फरासाची करामत कशात होती? बादशहाचे तंबू दोन जोड असत. एका जोडीत बादशहा मुक्कामाला असताना दुसरी जोड पुढच्या मुक्कामावर आधीच जाऊन उभी राहायची. औरंगजेबाच्या काश्मीरच्या वाटचालीत बरोबर असलेल्या बर्निये या फ्रेंच प्रवाशाने या पुढे जाणाऱ्या 'पेशखान्या'चं वर्णन केलंय. कनाती, म्हणजे कापडी भिंती, कुठे लागणार, दरबार कुठे, जनाना कुठे, खांबाखांबांतलं अंतर किती, हे सगळं ठरलेलं. फरासांच्या वरच्या माणसाकडे ही आखणी असायची. माती कशी आहे, मेख धरेल का, वारा कुठून येतो, तणावे, म्हणजे तंबू ताणणारे दोर, कुठल्या अंगाला दुहेरी घ्यायचे, हे ज्याला कळतं तोच हे काम करणार. याला नुसता गडी म्हणणं मला तरी जमत नाही.

मराठी राज्यातही हे खातं होतं. शिवकालीन अठरा कारखान्यांची जी यादी परंपरेने सांगितली जाते, तीत जामदारखाना, तोफखाना, पीलखाना, नगारखाना यांच्या रांगेत फरासखाना आहे. काही याद्यांत सफाई-आरोग्याकडचा 'शहतखाना'ही वेगळा दिसतो, म्हणजे इथेही दोन कामं दोन खात्यांत. फरासखान्यात काय काय असे, ते पेशवाईतल्या नोंदींच्या भाषेत सांगायचं तर डेरे, राहुट्या, पाल, कनाती, शामियाने, चांदवे, सतरंज्या, जाजमं, गालिचे, लोड, तक्के, गाद्या, पडदे. सणासमारंभाची बिछायत, म्हणजे बैठक मांडणं, हेही फरासाचंच. आणि त्याबरोबर दिवाबत्ती: समया, हंड्या, झुंबरं पुसून त्यात तेल-वात घालणं. 'पुसणे' हे क्रियापद फरासाला पहिल्यांदा चिकटतं ते बहुधा इथे, काचेच्या हंड्यांच्या निमित्ताने.

पुण्यात शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर बुधवार पेठेत फरासखाना पोलीस ठाणं आहे. रोज हजारो लोक तिथून जातात. 'खाना' ऐकून कोणाला कैदखाना आठवतो. पण ते नाव पेशव्यांच्या तंबू-सामानाच्या कोठाराचं. दिल्लीतही लाल कुवाँजवळ फराशखाना नावाचा मोहल्ला आहे. राजधानी जिथे, तिथे फरासखाना वाड्याजवळ असायचा, कारण स्वारी कधी निघेल याचा नेम नसे.

स्वारीवरून एक अवांतर. पानिपतच्या मोहिमेला निघालेल्या भाऊसाहेबांच्या फौजेचं वर्णन करताना मराठ्यांचा इंग्रजी इतिहासकार ग्रँट डफ आवर्जून तंबूंवर थांबतो: उंच, ऐसपैस, आतून रेशमी आणि बनाती अस्तर, वर लांबून चमकणारे सोनेरी कळस. इतिहासाच्या वर्गात हे ऐशआरामाचं उदाहरण म्हणून शिकवतात. मला त्यात कोणाला न दिसणारे शेकडो फरास दिसतात, जे हे सगळं रोज सोडवून, गुंडाळून, बैलांवर लादून, पुढच्या मुक्कामी पुन्हा उभं करत असणार.

या खात्याचा मान किती होता, याचा पुरावा ग्वाल्हेरात मिळतो. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात फरास शब्दाखाली नोंद आहे, की शिंद्यांच्या दरबारातल्या सर्वांत वरच्या वंशपरंपरागत मानकऱ्यांपैकी एकाला 'फरासखानावाला' म्हणतात. त्याच नोंदीत हेही म्हटलंय, की घरगुती नोकर म्हणून फरास झाडपूस करतो आणि हा शब्द दोनशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानात जास्त चालत असे. एकाच नोंदीत मानकरीही आणि झाडपूस करणाराही! तुमच्या दोन काकांचं भांडण तेव्हापासूनचं आहे म्हणायचं.

मग घसरण झाली कशी? माझं मत असं: फरासाची कामं एकेक करून दुसऱ्यांकडे गेली आणि त्याच्याकडे जमीन तेवढी राहिली. पहिल्यांदा तंबू गेले. इंग्रजी अमलात सरकारी तंबू ठोकणाऱ्याला 'खलाशी' म्हणायची पद्धत पडली. आज आपण खलाशी म्हटलं की जहाज डोळ्यांसमोर येतं, पण सर्वेक्षण खात्यात आणि रेल्वेत खलाशी हे जमिनीवरचंच पद होतं. शिड-दोर ओढणारा आणि तंबूचे तणावे ओढणारा यांची कला एकच. संस्थानांचं लष्करी फिरणंही थांबलं होतं. फौजा तैनाती झाल्या, राजे वाड्यात बसले, तंबू शिकारीपुरते आणि लग्नकार्यापुरते उरले. मग बैठक गेली. दरबारात, कचेरीत खुर्च्या-टेबलं आली, तेव्हा रोज गालिचा झटकून अंथरायचं कारण संपलं. शेवटी विजेचे दिवे आले आणि समया-हंड्या माळ्यावर गेल्या. आता उरलं काय? ज्या जमिनीवर तो अंथरत होता ती जमीन, आणि तिच्यावर ठेवलेलं लाकडी सामान. ते झाडायचं, पुसायचं, बैठकीच्या वेळी इकडून तिकडे हलवायचं. हुद्दा तोच राहिला, आतला मजकूर बदलला.

सरकारी नोकरीत हा शेवटचा अर्थ पक्का झाला. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत शिपाई, दफ्तरी, जमादार, चौकीदार, माळी, सफाईवाला यांच्याबरोबर 'फराश' हे चतुर्थ श्रेणीतलं पद होतं, आणि त्याचं काम खोल्या झाडणं आणि सामानावरची धूळ पुसणं. सहाव्या वेतन आयोगानंतर ही सगळी पदं मोडून त्यांचं एकच 'मल्टी टास्किंग स्टाफ' केलं. कागदोपत्री फराश तिथे संपला. आपल्याकडे मात्र तो अजून आहे: मुंबई उच्च न्यायालयाच्या भरतीच्या जाहिरातीत 'शिपाई/हमाल/फरास' असं पदनाम येतं. हमाल आणि फरास, एकाच अरबी साच्यातले दोन जुने भाऊ, तिरक्या रेघेच्या दोन बाजूंना अजून उभे आहेत.

गोव्याचा मामला वेगळा आहे, आणि प्रश्नकर्त्याच्या घराण्याचा काही भाग कोकणपट्टीतला असेल तर तो लक्षात घ्यायलाच हवा. पोर्तुगिजांनी हा शब्द 'फराझ' असा उचलला. त्यांच्या सोळाव्या शतकातल्या कागदांत तो घोड्याच्या पागेतल्या चाकरालाही लावलेला दिसतो. पुढे गोव्याच्या गावगाड्यात झाडलोट करणाऱ्या, बांबूकाम करणाऱ्या महार समाजाला पोर्तुगीज कागदांत सरसकट 'फराझ' म्हणू लागले. गोव्यातल्या आसगावचे पाद्री आणि कोशकार मोन्सिन्योर दाल्गाद यांच्या लुसो-आशियाई (पोर्तुगीज-आशियाई) शब्दसंग्रहात, म्हणजे १९१९ ते १९२१ या काळात निघालेल्या दोन खंडांत, या शब्दाची नोंद आहे. म्हणजे घाटावर जो हुद्दा होता, तो गोव्यात जातीचं लेबल झाला. गोव्यातला 'फराझ' आणि कोल्हापूरचा 'फरास' यांना एकाच मापाने मोजू नका. कोल्हापूरचं ते सरकारने दिलेलं काम आहे, गोव्यातलं परक्या सत्तेने लोकांवर डकवलेलं नाव.

उलट दिशेलाही हा शब्द गेला. इराणमध्ये काजार राजवटीत फर्राश हे शहाच्या हुकमाची अंमलबजावणी करणारे, वेत चालवणारे, लोक ज्यांना टरकून असत असे शिपाई झाले. त्यांचा मुख्य तो 'फर्राशबाशी'. अमीर कबीर या सुधारक वजिराला १८५२ च्या जानेवारीत काशानजवळच्या फीन बागेत मारलं, तो हुकूम घेऊन गेलेला अधिकारी हाजी अली खान हा फर्राशबाशीच होता. ईजिप्तमध्ये 'फिराशा' म्हणजे लग्नाचे, मयताचे मंडप भाड्याने देण्याचा धंदा, म्हणजे तिथे तंबूचा अर्थ जिवंत राहिला. आणि आखातात कचेरीत चहा आणून देणारा, फायली पोचवणारा माणूस फर्राश. रत्नागिरी-रायगडच्या ज्या लोकांनी कुवेतमध्ये नोकऱ्या केल्या, त्यांना हा शब्द विचारून बघा. ते त्याचा अर्थ आपल्या शिपायासारखा सांगतील.

घरातल्या भाषेचंही थोडं सांगायला हवं, कारण पहिल्या काकांचा अर्थ तिथून बळकट झाला. मातीच्या जमिनी होत्या तोवर मराठी घरात जमीन पुसत नसत, सारवत असत. त्यासाठीचं फडकं म्हणजे पोतेरं. शेणाने सारवायचं आणि पुसायचं पाणी वेगळं, हात वेगळा, आणि ते काम घरच्या बाईचं. फरशी आली तेव्हा पुसणं आलं, आणि पैसे देऊन पुसून घेणंही आलं. आज पुण्यात कामाला येणाऱ्या मावशी 'केर-फरशी'चे पैसे वेगळे आणि 'धुणं-भांड्यां'चे वेगळे सांगतात. मुंबईत त्याच कामाला 'केर-लादी' किंवा हिंदीच्या संगतीने 'झाडू-पोछा' म्हणतात. 'फरशी करणे' म्हणजे फरशी पुसणे, हा प्रयोग तर इतका रुळलाय की त्यात काही गाळलेलं आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्याच्या कानात रोज 'केर-फरशी' पडते, त्याने 'फरास' वाचून फरशी पुसणारा म्हटलं तर दोष कसा द्यायचा?

दोन-तीन खोट्या नातेवाइकांपासून सावध राहा. हत्यारांच्या यादीत 'फरशी' दिसली तर ती कुऱ्हाडीसारखं पातं असलेली, संस्कृत परशूवरून आलेली. तिचा जमिनीशी संबंध नाही. 'फारसी' भाषा ही पार्स या प्रांताच्या नावावरून. आणि फरसाण गुजरातीतून आलंय, त्यावर फरासाचा काही हक्क नाही. मला हे खरोखर विचारलं गेलंय, म्हणून सांगतो.

आता तुमचा कागद. तुम्ही फक्त 'फरास' एवढाच शब्द कळवलात, पण अर्थ आजूबाजूच्या ओळींत असतो. नावाआधी किंवा नंतर 'निसबत फरासखाना' किंवा 'दिमत फरासखाना', म्हणजे फरासखान्याकडचा, असं काही असेल, तर पणजोबा खात्याचे नोकर होते आणि तंबू-बिछायतीचं काम त्यांच्याकडे होतं असं धरायला हरकत नाही. मग त्याच पानावर खाली-वर कोण आहेत ते बघा. मशालजी, भालदार, चोपदार, खिदमतगार अशी मंडळी असतील तर हा दरबारी लवाजमा. हमाल, भंगी, पाणक्या अशी ओळ असेल आणि वर एखाद्या कचेरीचं, शाळेचं किंवा दवाखान्याचं नाव असेल, तर तो उशिराचा, झाडपूस करणारा फरास. दरमहा पगार आणि त्याच पानावरच्या शिपायाचा पगार यांची तुलना करा. शिपायाच्या बरोबरीचा किंवा वरचा आकडा असेल तर माझं झुकतं माप दुसऱ्या काकांना. पोशाखाची किंवा सणाच्या बक्षिसाची नोंद असेल तर आणखीच.

कागदावर शक किंवा फसली सन असेल तो जसाच्या तसा उतरवून घ्या, स्वतः इसवी सनात बदलू नका. कागद १९०० च्या आधीचा आहे की नंतरचा, यावर बरंच अवलंबून आहे. मोडीत असेल तर शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, तेव्हा 'फरास' हा आधीच्या किंवा पुढच्या अक्षरांचा तुकडा तर नाही ना, हे जाणकाराला दाखवून घ्या. आडनावाचाही विचार करा. कोल्हापूर-सांगलीकडे मुसलमान समाजात फरास हे आडनाव आहे, जसं अत्तार, मुजावर, शिकलगार, जमादार आहे. त्या घराण्यातल्या माणसाच्या नावापुढे 'फरास' लिहिलं असेल तर तो हुद्दा नसून नुसतं आडनाव असू शकतं, आणि प्रत्यक्षात तो माणूस पागेत किंवा तोफखान्यातही असेल.

संस्थान कोल्हापूरचं असेल तर तिथल्या पुराभिलेखागारात खातेवार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. फरासखान्याचे हिशेब मागा. पेशवाईपर्यंत मागे जायचं असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर. अर्ज करताना फक्त माणसाचं नाव देऊ नका, खात्याचं नाव आणि साल द्या, कारण रुमाल नावांवर नाहीत, खात्यांवर बांधलेले असतात. आणि पानाचा फोटो काढाल तेव्हा तुमच्या ओळीचा नको, डावीकडच्या समासासकट पूर्ण पानाचा काढा. खात्याचं नाव बऱ्याचदा तिथेच, वरच्या कोपऱ्यात, एकदाच लिहिलेलं असतं.